जुन्या पिकअपचे मागचे पाटे बसलेत, पाटा वाढवू की सेटच बदलू?

ओतूरची_पिकअप

रामराम मंडळी. गाडी सव्वा टनाची पिकअप, 2011 ची. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळे त्यावरच भांडत बसतील. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. माल घरचा आणि भावकीतला. टोमॅटो नारायणगावला, कांदा ओतूरला नाहीतर आळेफाट्याला, आणि भाव बरा असला की माळशेज उतरून कल्याण. जाताना भरलेली, येताना मोकळी, असंच आयुष्य गेलंय तिचं.

आता मागून उजवी बाजू बसलीये, तिकडच्या पाट्यांचा (स्प्रिंगचं काम करणाऱ्या एकावर एक पोलादी पट्ट्यांचा) बाक गेलाय. सपाट जागी उभी केली तरी हौदा उजवीकडे कललेला दिसतो. भरल्यावर तर खड्ड्यात चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, रबरावर आपटते, दणका पार मानेपर्यंत येतो. मोकळी असताना स्पीडब्रेकरवर मागून 'कट्' असा एकच आवाज येतो, दरवेळी येतोच. आणि मागच्या माणसाचं म्हणणं, गाडी सरळ रस्त्यावरही जराशी तिरकी चालल्यासारखी दिसते.

उजव्या बाजूचा दोन नंबरचा पाटा मागं एकदा मधोमध तुटला होता. तेव्हा हायवेवरच्या एका पाटेवाल्याने त्याच्याकडचा टाकून दिला. आता तिघांनी तीन सल्ले दिलेत. एक म्हणतो, दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवून देतो, हत्ती बसवला तरी हलणार नाही. दुसरा म्हणतो, पाटे उतरवून भट्टीत घालतो आणि कमान देतो, नव्यासारखे होतील. तिसरा म्हणतो, नवा सेट टाक आणि मोकळा हो. वडिलांचा चौथा सल्ला फुकटचा: जळकं ऑइल मार, आवाज जाईल.

पैसे एकदाच घालायचेत. काय करू?

भाडं_पक्कं

पाटा वाढवा, बिनधास्त. आमच्या गाडीला दोन्हीकडे वाढवलेत, विटा वाहतो. काही होत नाही. पासिंगलाही कुणी पाटे मोजत बसत नाही.

एसटी_पेन्शनर

भाडंवाल्यांची गाडी विटा वाहते. विटेला दणका बसला तर वीट तक्रार करत नाही. तुझा माल टोमॅटो आहे बाळ, खालच्या क्रेटमधला रस गळून हौदा ओला झाला की व्यापारी भाव पाडतो, तेव्हा कळतं पाटा किती कडक झालाय ते.

माझी नोकरी एसटीत गेली, आधी डेपोत, शेवटी दापोडीच्या वर्कशॉपला. बसचे पाटे उतरवण्या-चढवण्यात हात काळे झाले म्हणून लिहितो. पिकअपचे पाटे त्या मानाने चिल्लर, पण न्याय तोच. जरा लांबण लागेल, चहा घेऊन वाच.

पाटा वाढवण्याचं गणित आधी सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सात मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा टाकलास, तर वाढ एकाच मिलिमीटरची दिसते, पण सातचा घन 343 आणि आठचा 512, म्हणजे तेवढाच लांब-रुंद पाटा जवळपास दीडपट कडक झाला. त्यातही लांबी उलट्या बाजूने घनात येते, आखूड पाटा आणखी कडक. म्हणून 'जरासा जाड' असं काही नसतं. पाटेवाला हाताला लागेल ती पट्टी कापतो, भोक पाडतो आणि चढवतो. त्याचं काम झालं. पाटा मग तुटतही नाही, पण दणका कुठेतरी जाणारच ना? तो जातो हँगरच्या, म्हणजे पाटा चॅसीला धरणाऱ्या तुकड्याच्या, रिव्हेटांत, चॅसीत, मागच्या बेअरिंगांत आणि मोकळ्या गाडीत तुझ्या कंबरेत. चॅसीला हँगरपाशी चीर गेलेल्या गाड्या मी पाहिल्यात, पाटे मात्र ठणठणीत.

आणखी एक. पाटा वाढवला म्हणून आरसी बुकावरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जास्त मालाला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे. काट्यावर गाडी गेली की पाटे किती ते कुणी विचारत नाही, खरंय, वजन विचारतात.

आता भट्टी. पाट्याचं पोलाद साधं नसतं, सिलिकॉन-मँगनीजचं नाहीतर क्रोम-व्हॅनेडियमचं असतं. कारखान्यात ते तापवून कमान देतात, तेलात बुडवतात, मग पुन्हा ठरावीक आचेवर तापवून कडकपणा थोडा उतरवतात. हे दुसरं तापवणं महत्त्वाचं, त्यानेच पाटा लवचीक होतो. रस्त्याकडेच्या भट्टीत यातलं पहिलंच होतं. लाल केला, ठोकला आणि हवेत टाकला, तर पाटा मऊ होऊन महिन्याभरात परत बसतो. घाईत पाणी मारलं तर ठिसूळ होऊन भरल्या गाडीत घाटात तुटतो. थंड पाटा ऐरणीवर ठोकून कमान देणारे जुने कारागीर अजून आहेत, ते काम त्यातल्या त्यात बरं, पण दमलेलं पोलाद ते दमलेलंच. हंगाम काढायचा असेल तर ठीक. आणि वेल्डिंग कुणी सुचवलं तर त्याच्या दुकानासमोर गाडी उभीही करू नकोस.

नवा सेट टाकायचा की नाही हे मात्र गाडी न बघता मी सांगणार नाही. तुझी तीन लक्षणं आहेत: कलणं, एकदाच होणारा कट् आणि तिरकं चालणं. नुसते पाटे बसले तर गाडी तिरकी चालत नाही. तेव्हा आधी एवढं बघ.

गाडी मोकळी, सपाट जागी, मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर हौद्याच्या कडेपर्यंत टेप लाव, दोन्हीकडचं माप लिहून ठेव. थोडा फरक टाकीमुळे, ड्रायव्हरमुळे असतोच, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. मग स्टिअरिंग सरळ धरून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना घे. टेप वाकडातिकडा जात असेल तर ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा कर आणि खुणांमधलं अंतर मोज. यात फरक आला तर हाउसिंग, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा भाग, जागेवरून सरकलंय.

मग पाटे धू. तार ब्रश, डिझेल, कोरडं फडकं. पाटे हाउसिंगला आवळणाऱ्या यू बोल्टाच्या पट्टीशेजारी पाट्यावर लालसर भुकटी दिसते का बघ. माती नव्हे, बोटाला लागणारी बारीक लाल भुकटी. ती दिसली तर यू बोल्ट ढिला आहे आणि पाटे आत घासतायत. लोकांना वाटतं पाटा ओझ्याने तुटतो. मधोमध भोकापाशी तुटलेला पाटा बहुतेक वेळा ढिल्या यू बोल्टाने तुटलेला असतो. आवळलेला असेपर्यंत मधला भाग वाकतच नाही, ढिला पडला की सगळं वाकणं नेमकं भोकावर येतं, आणि तिथेच लोखंड सर्वात कमी. सेंटर बोल्टही तसाच जातो. बिचारा पाटे एकत्र धरायला आणि जागा दाखवायला असतो, ओझं ओढायला नाही.

चीर शोधायची तर पाट्याला रॉकेल किंवा पातळ तेल लाव, पाच मिनिटं थांब, स्वच्छ पुसून वरून खडूची पूड चोळ. चिरेत शिरलेलं तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. पाट्याच्या वरच्या अंगाला जास्त बघ, भार आला की ताण तिथे येतो. पण नुसतं वरून बघून भागत नाही, पाटे सुटे केल्यावरच हे नीट होतं.

शेवटचं, मेन म्हणजे सगळ्यात वरचा पाटा आणि दोन नंबरचा यांच्या मधे टोकापाशी हॅक्सॉ ब्लेड सरकवून बघ, दोन्ही बाजूंना. जाते का सांग. मग बोलू.

देवगड_बागायत

पेन्शनर काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त वडिलांच्या जळक्या ऑइलबद्दल लिहितो. आमच्याकडे खारी हवा, पावसात महिनोन्‌महिने पाटे ओले. दोन पाट्यांच्या मध्ये गंज धरला की तो फुगतो, पाटे एकमेकांना सोडत नाहीत आणि गाडी लाकडासारखी चालते. गंजाचे बारीक खड्डे पडतात, तिथूनच पुढे चीर जाते. म्हणून आम्ही पावसाळ्याआधी पाटे सुटे करून, घासून, रंग मारून, मध्ये ग्रॅफाइटचं काळं ग्रीस लावून बसवतो. हापूसची पेटी न्यायची म्हणजे पाटे सरकायलाच हवेत. कडक गाडीत आंब्याला वरून काही दिसत नाही, पिकल्यावर डाग उमटतो आणि मग गिऱ्हाइकाचा फोन येतो.

पण तुमच्याकडची धूळ वेगळी. वरून जळकं ऑइल ओतलं की त्यावर धूळ बसून रंधा तयार होतो. शिवाय ते बुशच्या रबराला लागलं की रबर फुगतं. आवाज चार दिवस जातो, वडिलांचं तेवढं बरोबर.

एसटी_पेन्शनर

देवगडकरांशी सहमत, अर्ध्यापर्यंत. ग्रीसने पाटे सुटतात, पण पाट्यांचं एकमेकांवर घासणं हाच त्यांचा अर्धा ब्रेक असतो. भरपूर ग्रीस आणि वर मेलेले शॉकअप, अशी गाडी खड्ड्यानंतर नाचतच राहते. ग्रीस लावणार असाल तर शॉकअप आधी बघा. देशावर मी कोरडे, स्वच्छ, रंगवलेले पाटेच पसंत करतो. ज्या पाट्यांच्या टोकाला प्लास्टिकच्या चकत्या येतात त्या झिजल्या असतील तर बदलायच्या, बस्स.

ओतूरची_पिकअप

काका, काल गाडी धुतली आणि सगळं बघितलं. हौद्याची उंची उजवीकडे 38 मिलिमीटरने कमी. चाकातलं अंतर उजवीकडे 12 मिलिमीटरने जास्त, म्हणजे उजवं चाक मागं गेलंय. लाल भुकटी उजव्या बाजूला भरपूर, डावीकडे नाही. ब्लेडचं विचाराल तर उजवीकडे ब्लेडच काय, आधार कार्ड आरपार गेलं. डावीकडे ब्लेडही जात नाही. वेल्डरचा व्हर्नियर आणून पाटे मोजले, बाकी सगळे 7 चे, तो मागाहून टाकलेला एकटा 8 चा.

एक कळेना. उजवीकडे जाड पाटा आहे तर उजवी बाजू वर राहायला पाहिजे ना? खाली कशी?

एसटी_पेन्शनर

शाब्बास, आधार कार्डाचा हा उपयोग सरकारलाही सुचला नसेल.

जाड आहे, पण त्याला कमान नाही. सेटमधला प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा जास्त वाकडा असतो. सुटे ठेवले तर मधे फट दिसते, सेंटर बोल्ट आवळला की ती मिटते आणि खालचे पाटे वरच्याला वर ढकलून धरतात. तुझा आठचा पाटा जवळपास सपाट आला. त्याचं टोक मेन पाट्याला लागतच नाही, मोकळ्या गाडीत तो नुसता पडून आहे. मेन पाटा एकटाच ओझं ओढतोय आणि म्हणून बसलाय. गाडी उसळली की मेन पाटा खाली येऊन त्या टोकावर आपटतो, तोच तुझा कट्. भरल्या गाडीत फट मिटलेलीच असते म्हणून आवाज येत नाही. आणि त्या पाटेवाल्याने यू बोल्ट जुनेच लावले असणार, ते ताणले, ढिले पडले, सेंटर बोल्टाचं डोकं झिजलं आणि हाउसिंग मागं सरकलं. सगळं एकाच बाजूला का, हे आता कळलं असेल.

तेव्हा उत्तर: पाटा वाढवायचा नाही, भट्टी नाही. दोन्ही बाजूंचा पुरा सेट नवा. डावा बरा दिसतोय म्हणून तो ठेवशील तर नव्या-जुन्याच्या उंचीत परत फरक येईल. डाव्याचे चांगले पाटे भंगारात घालू नकोस, गावच्या लोहाराला दे, कोयते झकास होतात.

सेट घेताना जुना सोबत ने. पाट्यांची संख्या, रुंदी, प्रत्येकाची जाडी आणि कानापासून कानापर्यंतची (टोकांच्या गोल भोकांमधली) लांबी जुळव. दोन्ही नवे सेट जमिनीवर शेजारी उभे करून कमान सारखी आहे का बघ, दुकानदार वैतागला तरी. सोबत नवे यू बोल्ट, नव्या नटांसह. नवा सेंटर बोल्ट. शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या झुलत्या दुव्याचे, बुश आणि पिना. हे जुनं वाचवण्यात काडीचा फायदा नाही.

बसवताना दोन जागी मिस्त्री चुकतात, तू उभा राहा. रबरी बुशचे बोल्ट गाडी घोडीवर असताना पक्के आवळायचे नाहीत. चाकं लटकलेली असताना आवळलेस तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हाताने लाव, गाडी चाकांवर उतरव, चार वेळा हलव, मग आवळ. दुसरं, यू बोल्ट. आट्यांवरची घाण साफ करून, आलटून-पालटून कर्णात, थोडं-थोडं करत आवळायचे. एक पूर्ण आवळला मग दुसरा, असं नाही. किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, टॉर्क पाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. पान्याला पाइप लावून लटकणाऱ्या माणसाला बोल्ट ताणल्याचं कळत नाही. आणि पहिल्या पाचशे किलोमीटरच्या आत भरल्या खेपा झाल्या की परत आवळायचे. नवे पाटे, रंग, पट्टी सगळं बसतं आणि ढिलं होतं. हे न केल्यानेच निम्मे पाटे तुटतात, असं माझं मत आहे, कुणी भांडायचं असेल तर या.

भाडं_पक्कं

भांडत नाही काका. पण मोकळी-भरलेली अशी गाडी असेल तर भरल्यावर बसणारच ना? मग पाटा न वाढवता करायचं काय?

एसटी_पेन्शनर

रास्त प्रश्न. त्यासाठी हेल्पर पाटा असतो. वरती वेगळा हेल्पर असो की सेटच्या तळाचा जाड, जवळपास सरळ पाटा असो, त्याने मोकळ्या गाडीत ओझं घ्यायचंच नाही, बराच माल चढल्यावर टेकायचं. ओतूरकर, तुझा मोकळ्या गाडीतच टेकलेला असणार, कारण वरचे बसलेत. नव्या सेटनंतर मोकळी असताना फट दिसली पाहिजे. क्रेट भरताना अर्ध्यावर थांबून वाकून बघ, टेकायला आला असेल तर जमलं. एवढ्यावरही नियमाच्या मालात गाडी रबरावर जात असेल तर हेल्परचं बघायचं, मेन सेटला हात लावायचा नाही.

लांब शॅकल लावून मागून उचलतात तोही प्रकार नको. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उठते, वर डिफ्रन्शलचं तोंड फिरतं आणि शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, गुणगुणायला लागतात.

ओतूरची_पिकअप

काका, सेट सांगितला, परवा येतोय. मिस्त्री टॉर्क पानावाला शोधलाय, आळेफाट्याला. अजून एक विचारायचं होतं. मागच्या हाउसिंगवरून एक सळई चॅसीवरच्या व्हॉल्व्हला गेलीये. पाटे काढताना ती सोडावी लागेल. तिचं काय?

एसटी_पेन्शनर

बरं झालं विचारलंस, मी विसरलोच असतो. तो मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह. गाडी किती बसलीये हे त्या सळईवरून ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या चाकांना ब्रेक कमी-जास्त देतो. गाडी बसली म्हणजे भरली, उठली म्हणजे मोकळी, एवढंच त्याला कळतं. बसलेल्या पाट्यांवर कुणी ती सळई जुळवून ठेवली असेल, तर नव्या पाट्यांनी मागची बाजू उठल्यावर तो भरल्या गाडीलाही मोकळी समजेल आणि मागचा ब्रेक कमी देईल. माळशेज उतरताना ते नको. पाटा वाढवून गाडी उचलणाऱ्यांचंही हेच होतं, भाडंवाले, तुम्हीही बघून घ्या.

सोडण्याआधी सळईच्या आट्यांवर रंगाची खूण कर, जशी होती तशीच लाव, आणि मग मॅन्युअलमधल्या मापाला जुळवून घे. वाकवायची नाही. जाम असेल तर व्हॉल्व्हची दांडी हाताने हलते का तेही बघ, इतक्या वर्षांत ती कुणी हलवलेली नसणार. पुढच्या दिव्यांचा झोतही खाली येईल, भिंतीसमोर गाडी लावून तो वर घे.